पान्यातला घण

नट आणि बोल्ट यांची जोडी ज्या तत्त्वावर चालते त्याला मराठीत फार पूर्वीपासून मळसूत्र हा शब्द आहे, आणि दांड्याभोवती वेटोळे घेत चढत जाणाऱ्या त्याच्या धारांना कारागीर आटे म्हणतात. हे आटे एकमेकांत फिरवून घट्ट किंवा सैल करण्याचे अवजार म्हणजे पाना. हाताने ओढायच्या या पान्याच्या जागी ज्या यंत्राच्या पोटात एक छोटा घण बसवलेला असतो आणि जो मिनिटाला दोन-तीन हजार घाव घालून नट फिरवतो, त्या यंत्राला इंपॅक्ट रेंच हे नाव रूढ झाले असून टायरच्या दुकानांत त्याला नुसते ‘गन’ म्हणूनच ओळखतात. गेल्या वीस वर्षांत ही गन हवेच्या नळीपासून सुटली, बॅटरीवर चालू लागली आणि कारखान्यांतून घरांच्या पार्किंगपर्यंत पोहोचली. आज ती विकत घेणाऱ्याच्या डोळ्यांपुढे खोक्यावर छापलेला ताकदीचा एक मोठा आकडा असतो. हा आकडा कोठून आला आणि त्याच्यावर किती विसंबावे, हे समजण्यासाठी या अवजाराच्या मागील दीड-दोनशे वर्षांकडे पाहावे लागते.

हा इतिहास सहसा वाढत्या ताकदीचा इतिहास म्हणून सांगितला जातो, आणि तो तसा आहेही, पण अर्धाच. नट किती जोराने पिळता येईल या प्रश्नाइतकाच, तो किती पिळला गेला हे कळावे कसे, हा प्रश्न जुना आहे; पहिल्याचे उत्तर प्रत्येक पिढीत सुधारत गेले आणि दुसऱ्याचे उत्तर मात्र पिछाडीवर राहिले.

बोल्ट घट्ट करणे म्हणजे वस्तुतः तो ताणणे होय. नट खाली टेकल्यानंतरही फिरत राहिला की बोल्टचा दांडा अगदी सूक्ष्म प्रमाणात लांबतो, आणि ताणलेल्या स्प्रिंगप्रमाणे तो पुन्हा आखडू पाहतो. या आखडण्याच्या ओढीमुळेच जोडलेले दोन भाग एकमेकांवर दाबून बसतात. नट फिरवण्यासाठी लागणाऱ्या पिळाच्या बलाला टॉर्क म्हणतात आणि ते न्यूटन-मीटर या एककात मोजतात. एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला सुमारे दहा किलो वजन टांगले तर नटावर साधारण १०० न्यूटन-मीटरचा पीळ बसतो, असा त्याचा ढोबळ हिशेब आहे. अडचण अशी की हा सगळा पीळ बोल्ट ताणण्याच्या कामी येत नाही. अभियंत्यांच्या नेहमीच्या ठोकताळ्यानुसार त्यातला सुमारे ५० टक्के भाग नटाच्या बुडाशी होणाऱ्या घर्षणात आणि ४० टक्के आट्यांच्या घर्षणात खर्ची पडतो, आणि ताणासाठी उरतात ते जेमतेम १० टक्के. आट्यांवर तेलाचा हात फिरला किंवा गंज चढला तर तेवढ्याच पिळाने येणारा ताण पार बदलून जातो, आणि पान्याला किंवा तो धरणाऱ्या हाताला त्याचा पत्ता लागत नाही.

आटे ही वस्तू प्राचीन असली तरी कोणताही नट कोणत्याही बोल्टवर बसावा ही अपेक्षा अगदी अलीकडची आहे. लंडनमध्ये हेन्री मॉड्स्ली याने १८०० च्या सुमारास अचूक आटे पाडणारे लेथ यंत्र सिद्ध केले, तोपर्यंत प्रत्येक कर्मशाळेचे आटे वेगळे असत आणि एका ठिकाणचा बोल्ट दुसऱ्या ठिकाणी निरुपयोगी ठरे. मॉड्स्लीच्याच हाताखाली काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थ याने निरनिराळ्या कर्मशाळांतील बोल्ट गोळा करून त्यांचा मध्य काढला आणि १८४१ मध्ये ५५ अंशांच्या कोनाचे प्रमाण आटे सुचवले. १८६४ मध्ये फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्स याने अमेरिकेसाठी ६० अंशांचा, करायला सोपा असा दुसरा नमुना पुढे केला. हिंदुस्थानात रेल्वे आणि गिरण्या इंग्लंडहून आल्यामुळे परळच्या रेल्वे कार्यशाळांपासून गिरण्यांच्या इंजिनघरांपर्यंत व्हिटवर्थचे आटे आणि त्याचेच पाने रुळले. या पान्यांवर जबड्याची रुंदी नव्हे तर ज्या बोल्टसाठी पाना असे त्या बोल्टचा व्यास कोरलेला असे, आणि त्यामुळे नवख्या माणसाची हमखास फसगत होई.

स्वातंत्र्यानंतर १९५६ च्या वजने व मापे कायद्याने दशमान पद्धत आणली आणि पाने ‘दहा-अकरा’, ‘बारा-तेरा’, ‘सोळा-सतरा’ अशा मिलिमीटरच्या जोड्यांनी ओळखले जाऊ लागले. तरीही सळया आणि बोल्टची जाडी सांगताना इंचाचा आठवा भाग, म्हणजे एक सूत, हे माप बांधकामावर आणि गॅरेजात तग धरून राहिले. इंपॅक्ट रेंचच्या बाबतीत तर सुताचा विजय पूर्ण झाला आहे, कारण नटावर बसणारी गोटी, म्हणजे सॉकेट, ज्या चौकोनी टोकावर अडकवतात त्याचे माप जगभर आजही इंचातच बोलले जाते: हलक्या कामाला तीन सूत, मोटारीला चार सूत, मालमोटारीला सहा किंवा आठ सूत. मीटर स्वीकारलेल्या सगळ्या देशांतील सगळे मिलिमीटरचे नट या इंचाच्या चौकोनाने फिरवले जातात, ही मापनशास्त्राच्या इतिहासातील एक मजेदार विसंगती आहे.

हाताच्या पान्यांचा पुढील विकास येथे थोडक्यात सांगितला तरी पुरे. मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफिल्डच्या सॉलिमन मेरिक याने १८३५ मध्ये आणि लोरिंग कोज याने १८४१ मध्ये जबडा सरकणाऱ्या पान्यांचे स्वामित्वहक्क घेतले, आणि स्वीडनमधील योहान पेटर योहान्सन याने १८९० च्या दशकाच्या आरंभी स्क्रू-पान्याला त्याचे आजचे सुटसुटीत रूप दिले. या सर्वांत एक मर्यादा समान होती. पीळ वाढवायचा तर एकतर दांडा लांब हवा किंवा माणूस जाडजूड हवा. आणि जेवढा पीळ नटावर, तेवढाच उलटा पीळ पान्यामागे उभ्या असलेल्या माणसाच्या हातापायांवर. पान्याच्या शेपटीत पाईप घालून त्याच्यावर उभे राहणारा मेकॅनिक या नियमातून सुटका करून घेत नाही, फक्त तो आपले सगळे वजन नियमाच्या सेवेला देतो.

या कोंडीतून वाट निघाली ती दाबलेल्या हवेच्या अवजारांतून. आल्प्स पर्वताखालून फ्रान्स आणि इटली यांना जोडणाऱ्या फ्रेज्यूस बोगद्याचे काम १८५७ मध्ये सुरू झाले, १८६१ पासून तेथे जर्मेन सोमेये या अभियंत्याने दाबलेल्या हवेवर चालणारी छिद्रक यंत्रे लावली, आणि १८७१ मध्ये बोगदा वाहतुकीला खुला झाला. नेमक्या त्याच काळात, १८५६ ते १८६३ या वर्षांत, खंडाळ्याच्या भोर घाटात ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जी. आय. पी.) रेल्वेचा चढ कोरला जात होता, आणि तेथील बोगदे पहारी, हातोडे, सुरुंगाची दारू आणि हजारो मजुरांचे हात यांच्या जोरावर पार पडले. हवेच्या यंत्रांसाठी लागणारे भांडवल आल्प्समध्ये खर्चणे परवडले. घाटात माणूस स्वस्त होता.

एकदा हवा नळीतून नेता येते हे सिद्ध झाल्यावर तिच्यावर चालणारी लहान अवजारे येण्यास वेळ लागला नाही. सेंट लुईसच्या जोसेफ बॉयर याने १८९० च्या दशकात हातात धरण्याजोगा हवेचा हातोडा व्यवहारात आणला, आणि लोखंडी पूल, जहाजे व उंच इमारती यांच्या बांधकामात रिबीट ठोकण्याचे काम त्याच्याकडे गेले. रिबीट म्हणजे एका बाजूला टोपी असलेला लोखंडी दांडा. तो लालबुंद तापवून भोकात घालायचा आणि त्याचे दुसरे टोक ठोकून तेथेही टोपी बनवायची. हे काम चार जणांच्या टोळीचे असे. एक भट्टीत रिबीट तापवी, दुसरा त्याने भिरकावलेला जळता रिबीट डब्यात झेली, तिसरा एका बाजूने टेका देई आणि चौथा हातोडा चालवी. दोन्ही महायुद्धांच्या मधल्या काळातील अमेरिकी गगनचुंबी इमारती या टोळ्यांनी उभ्या केल्या, आणि १९४३ मध्ये खुला झालेला कोलकात्याचा हावडा पूलही रिबिटांचाच आहे. थंड होताना रिबीट आखडतो आणि पत्रे आवळून धरतो, म्हणजे तोही एका अर्थाने ताणलेली स्प्रिंगच. मात्र त्याचा ताण ठरवणारा माणूस नव्हे तर भट्टीचे तापमान असे.

आवळण्यासाठी असाच हवेचा घण वापरता येईल का, या प्रश्नाचे उत्तर १९३० च्या दशकात मिळाले, आणि त्या संदर्भात इंडियाना राज्यातील इव्हान्सव्हिलच्या रॉबर्ट पॉट याचे नाव सहसा घेतले जाते. कल्पना दिसायला साधी होती. मोटरने नट थेट फिरवायचा नाही. मोटरने एक जड पोलादी ठोकळा फिरवायचा, त्याला गती घेऊ द्यायची, आणि मग गोटी बसवलेल्या टोकाच्या पाकळीवर तो आदळू द्यायचा. या ठोकळ्याला आजही घण आणि घाव सोसणाऱ्या टोकाला ऐरण म्हणतात, आणि लोहारशाळेतील ही जोडी यंत्राच्या पोटात तशीच राहिली आहे. आजच्या बॅटरीच्या रेंचमध्ये घणाच्या मागे एक दणकट स्प्रिंग असते, आणि मोटरच्या आसावर व्ही आकाराच्या खाचा असून त्यांत पोलादी गोळ्या फिरतात. नट मोकळा असेतोवर घण आणि ऐरण एकत्रच फिरतात. नट अडला की घण त्या खाचेतून मागे चढतो, स्प्रिंग दाबली जाते, घण ऐरणीच्या पाकळीवरून सुटतो, अर्धा फेरा मोकळा धावतो आणि पुढच्या पाकळीवर आदळतो. प्रत्येक फेऱ्यात असे दोन घाव बसतात.

यातील खरी मेख वेळेची आहे. घणाने अर्ध्या फेऱ्यात साठवलेली गतिज ऊर्जा घावाच्या क्षणी सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्यात खर्च होते, त्यामुळे नटावर क्षणभर प्रचंड पीळ येतो; मात्र घण गती घेत असताना हातावर येणारा उलटा पीळ मोटरच्या साध्या जोराइतकाच, म्हणजे अगदी थोडा असतो, आणि घावाचा बहुतेक धक्का हातापर्यंत येण्याऐवजी घण आणि ऐरण यांच्यातच संपतो. मालमोटारीच्या नटाला लागणारा ५०० ते ७०० न्यूटन-मीटरचा पीळ हाताने द्यायचा तर एक मीटर दांड्यावर माणसाला आपले सगळे वजन टाकूनही तो कष्टानेच जमेल. तोच पीळ देणारे हे यंत्र सडपातळ माणूस दोन हातांत सहज धरतो. ऊर्जा हळूहळू साठवावी आणि झटक्यात खर्चावी, हे लोहाराला घण उचलताना ठाऊक असलेले तत्त्वच येथे पान्याच्या पोटात शिरले.

या नव्या अवजाराला मोठे काम मिळाले ते इमारतींच्या सांगाड्यांवर. बर्मिंगहॅमचे सिरिल बाथो आणि बेटमन यांनी १९३४ मध्ये दाखवून दिले की उच्च ताकदीच्या पोलादाचे बोल्ट पुरेसे ताणले तर त्यांच्या आवळण्याने सांधा सरकत नाही आणि रिबिटाचे काम बोल्ट करू शकतो. दुसरे महायुद्ध मध्ये आले. १९४७ मध्ये अमेरिकेत या सांध्यांच्या अभ्यासासाठी संशोधन परिषद स्थापन झाली, आणि १९५१ मध्ये तिच्या पहिल्या प्रमाणसंहितेने रिबिटाऐवजी असे बोल्ट वापरण्यास मान्यता दिली. भट्टी, डबा, जळता रिबीट आणि चौघांची टोळी या सर्वांच्या जागी दोन माणसे आणि हवेची एक गन आली. रिबिटाची कला इतक्या झपाट्याने मावळली की दहा-पंधरा वर्षांत टोळ्याच उरल्या नाहीत. कौशल्याचे आयुष्य कधी कधी एका प्रमाणसंहितेच्या पानाएवढेच असते.

नेमके येथेच दुसऱ्या प्रश्नाने डोके वर काढले. ताणच जर सांध्याचा आधार, तर गनने पुरेसा ताण दिला हे ठरवायचे कोणी? पहिल्या पिढीने उपाय काढला तो असा: ताण मोजणाऱ्या एका उपकरणात नमुन्याचा बोल्ट घालून गन चालवायची, ठरलेला ताण येताच ती बंद पडेल अशी लावून घ्यायची आणि मग तीच सांध्यावर वापरायची. पण हवेचा दाब बदलला, नळी लांबली, आटे गंजले किंवा बोल्ट दुसऱ्या घाण्याचा निघाला की हे सगळे गणित कोसळे. म्हणून नट खाली टेकून घट्ट बसल्यावर त्याला ठरावीक कोनातून, उदाहरणार्थ अर्धा फेरा, आणखी फिरवायचे अशी पद्धत आली. तिच्यात पिळाचा विचारच नाही, फक्त फिरलेल्या अंतराचा आहे, आणि घर्षण कितीही बदलले तरी आटे ठरल्याइतकेच पुढे सरकत असल्यामुळे ती अधिक विश्वासार्ह ठरली. बेभरवशाची ठरलेली जुनी पद्धत अमेरिकी संहितेने १९८० मध्ये गाळूनच टाकली आणि १९८५ मध्ये गन रोज तपासून घेण्याच्या अटीवर पुन्हा आत घेतली. भारतात उच्च ताकदीच्या बोल्टांसाठी आयएस ४००० ही वेगळी संहिता आहे. एवढ्या सगळ्या खटाटोपाचा अर्थ एकच की ताकद देणाऱ्या यंत्राला मोजमापाचे काम सांगता येत नाही, हे अभियंत्यांनी गगनचुंबी इमारतींच्या मजल्यांवर शिकून घेतले होते. खोक्यावरचे आकडे वाचणाऱ्या गिऱ्हाइकाला ते अजून कोणी सांगितलेले नाही.

महाराष्ट्रात हवेची अवजारे पसरली ती मुख्यतः पुणे-पिंपरी पट्ट्यातील वाहन उद्योगाबरोबर. किर्लोस्कर समूहाने १९५८ मध्ये किर्लोस्कर न्यूमॅटिक ही कंपनी स्थापन केली आणि पुण्याजवळ हडपसरला हवेचे कॉम्प्रेसर बनू लागले. स्वीडनच्या अ‍ॅटलस कॉप्कोने दापोडीत पाय रोवले. विजेच्या हाती अवजारांत मुलुंडच्या रॅलीवुल्फचे नाव अनेक वर्षे कर्मशाळांत घरचे होते, आणि १९७६ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळसारख्या उसाच्या गावी कुलकर्णी पॉवर टूल्स हा उद्योग उभा राहिला. हाताचे पाने मात्र बहुतेकांच्या पेटीत नाशिकच्या टपारियाचेच असत. कारखान्याच्या भिंतीआड असलेली हवेची गन रस्त्यावर आली ती कॉम्प्रेसर स्वस्त झाल्यावर. चाकात हवा भरण्यासाठी पंक्चरवाल्याकडे तो असेच. त्याच्या टाकीला नळी जोडून गन चालवणे हे ओघाने आले. ती येण्यापूर्वी फुलीच्या आकाराच्या पान्यावर पाय ठेवून नट सोडवण्याचे काम सकाळपासून रात्रीपर्यंत करणाऱ्या पोराला या यंत्राने किती सुख दिले, हे पुस्तकी इतिहासात कोठे नोंदवलेले नसते.

त्या सुखाची एक किंमतही होती. १९१८ मध्ये डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी इंडियाना राज्यातील बेडफर्डच्या खाणींत हवेचे हातोडे चालवणाऱ्या दगडफोड्यांची पाहणी केली, तेव्हा थंडीत त्यांची बोटे पांढरीफटक आणि बधिर पडत असल्याचे त्यांना आढळले. सततच्या कंपनाने बोटांतील सूक्ष्म रक्तवाहिन्या व मज्जातंतू यांना होणारी ही इजा आज ‘पांढरी बोटे’ या अर्थाच्या नावाने वैद्यकशास्त्रात नोंदली गेली आहे, आणि युरोपीय संघाने २००२ मध्ये कामगाराच्या हाताला दिवसभरात किती कंपन सोसू द्यावे याची मर्यादा कायद्याने घातली. इंपॅक्ट रेंचचा धक्का हातोड्याइतका थेट हातात येत नाही हे खरे, पण दिवसभराचे काम असेल तर तो जमा होत राहतो, आणि त्याचा आवाज तर शंभर डेसिबलच्या आसपास जातो. रोजच्या वापरासाठी यंत्र निवडणाऱ्याने ताकदीच्या आधी वजन आणि कंपन यांचे आकडे पाहावेत असे जे जाणकार सांगतात त्यामागे बेडफर्डच्या बोटांचा हा इतिहास आहे.

यंत्र नळीपासून मोकळे होण्याची कथा बॅटरीची आहे आणि तिची सुरुवात १८९९ मध्ये होते, जेव्हा स्वीडनच्या वाल्डेमार युंग्नर याने निकेल-कॅडमियमची पुन्हा भरता येणारी बॅटरी तयार केली. या बॅटरीवर चालणारे पहिले बिनतारी ड्रिल यंत्र ब्लॅक अँड डेकर या बाल्टिमोरच्या कंपनीने १९६१ मध्ये बाजारात आणले. बिनतारी अवजारे ही अंतराळ संशोधनाची देणगी असल्याचा समज सर्वत्र आहे, पण तारखांचा क्रम उलटा आहे: ड्रिल आधी आले, आणि त्यानंतर अमेरिकी अंतराळ संस्था नासासाठी जेमिनी मोहिमेची अवजारे याच कंपनीकडून करवून घेण्यात आली. तेथे एक विलक्षण अडचण होती. वजनविरहित अवस्थेत तरंगणाऱ्या माणसाने साध्या यंत्राने बोल्ट फिरवला तर बोल्ट जागेवर राहील आणि माणूसच गरगर फिरू लागेल, कारण उलट्या पिळाला रोखायला पायाखाली जमीन नाही. म्हणून घणाच्या तत्त्वाचा गुण, हातावर जवळजवळ काहीच उलटा पीळ न येणे, हा तेथे सोयीचा नव्हे तर अस्तित्वाचा प्रश्न झाला.

हे अवजार जेमिनी-८ मोहिमेत डेव्हिड स्कॉट अंतराळात वापरून पाहणार होते. १६ मार्च १९६६ रोजी यान कक्षेत गेले, पण दिशा फिरवणारे एक छोटे रॉकेट उघडेच अडकून राहिले आणि यानच सेकंदाला जवळजवळ एक फेरा या वेगाने गरगरू लागले; नील आर्मस्ट्राँग यांनी ते सावरले, परंतु मोहीम तातडीने आवरावी लागली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जेमिनी-११ मध्ये रिचर्ड गॉर्डन यानाबाहेर गेले आणि घामाने डोळा भरून इतके दमले की त्यांना ३३ मिनिटांत परत यावे लागले, आणि अवजार पुन्हा वापराविना राहिले. हेच स्कॉट १९७१ मध्ये अपोलो-१५ मधून चंद्रावर उतरले तेव्हा त्यांच्या हातात याच कंपनीचे बॅटरीवरचे छिद्रक होते, आणि चंद्राच्या घट्ट मातीत रुतलेली त्याची नळी स्कॉट आणि त्यांचा सहकारी अशा दोघांना मिळून ओढून काढताना पुरेवाट झाली. उलटा पीळ न देणारे यंत्र करता आले; रुतलेले उपटण्यासाठी मात्र शेवटी खांदेच लावावे लागले.

पृथ्वीवर बिनतारी अवजारांचा संसार बराच काळ किरकोळ राहिला. जपानमध्ये १९१५ साली नागोयात विजेच्या मोटरी दुरुस्त करण्यापासून सुरुवात केलेल्या मकिता कंपनीने १९७८ मध्ये निकेल-कॅडमियमवरचे पहिले ड्रिल काढले, आणि पुढील दोन दशकांत व्होल्टचा आकडा चढत जाऊन अठरापर्यंत पोहोचला. पण नट सोडवणाऱ्या रेंचला लागणारा जोरकस प्रवाह देणे या बॅटऱ्यांना जड जाई, आणि कारखान्यांतील हवेची गन आपल्या जागी अढळ राहिली. चित्र पालटले ते दोन शोधांमुळे. पहिला शोध निओडिमियम या दुर्मिळ मूलद्रव्याच्या चुंबकांचा, जो १९८० च्या दशकाच्या आरंभी जपान आणि अमेरिकेत जवळजवळ एकाच वेळी लागला व ज्याने मुठीएवढ्या मोटरला कितीतरी मोठ्या मोटरचे बळ दिले. दुसरा लिथियम-आयन बॅटरीचा, जी सोनीने १९९१ मध्ये बाजारात आणली आणि जी २००५ च्या सुमारास मिलवॉकी व मकिता यांनी अवजारांत घातली. त्याच सुमारास मोटरमधील कार्बनचे ब्रश हद्दपार होऊ लागले. फिरणाऱ्या भागाला वीज पोहोचवण्यासाठी घासत राहणाऱ्या या ठोकळ्यांऐवजी इलेक्ट्रॉनिक मंडळ प्रवाहाची दिशा बदलू लागले, घर्षण आणि ठिणग्या गेल्या, आणि त्याच बॅटरीतून अधिक काम निघू लागले. युरोपीय संघाने २०१६ अखेर अवजारांच्या बॅटऱ्यांतील कॅडमियमची सूट संपवली, तोवर निकेल-कॅडमियमचे राज्य तसेही बुडाले होते.

या बदलाने जन्माला घातलेल्या काही बाजारी खुणा ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. लिथियमचा एक घट सरासरी ३.६ व्होल्ट देतो आणि पाच घट एकामागून एक जोडले की १८ व्होल्ट होतात. पूर्ण भरल्यावर तोच घट चार व्होल्टच्या वर असतो, म्हणून अमेरिकेत हाच संच ‘२० व्होल्ट’ म्हणून विकला जातो. दोहोंत फरक काहीच नाही. मोठ्या बॅटरीत पाच-पाच घटांच्या दोन ओळी शेजारी शेजारी असतात, त्यामुळे ती केवळ जास्त वेळ चालत नाही तर एका वेळी जास्त प्रवाहही देते, आणि तेच रेंच छोट्या बॅटरीवर मरगळलेले आणि मोठ्या बॅटरीवर चपळ वाटते.

ताकदीचे आकडेही असेच वाचावे लागतात. मकिताच्या एका नामांकित मोठ्या रेंचवर घट्ट करण्यासाठी १००० आणि सोडवण्यासाठी १६०० न्यूटन-मीटर असे दोन आकडे आहेत, आणि इतर कंपन्यांचेही असेच असतात. दुसरा आकडा नेहमी मोठा, कारण तो यंत्र काही सेकंद अखंड ठोकत राहिल्यावर आधीपासून आवळलेला नट किती घट्टपणापर्यंत सुटतो ते सांगतो. जाहिरातीत तोच ठळक छापतात. लहान मोटारीच्या चाकाच्या नटाला १०० न्यूटन-मीटरच्या आसपासचा पीळ पुरतो. त्यामुळे घरी चाक बदलणे आणि किरकोळ दुरुस्ती एवढ्यासाठी तीन-चारशेचे, चार सुती चौकोनाचे हलके यंत्र भागते, तर मालमोटारी, शेतीची यंत्रे किंवा वर्षानुवर्षे गंजलेले बोल्ट यांच्याशी रोज गाठ पडणाऱ्याला हजाराच्या पुढचे यंत्र लागते आणि त्याबरोबर येणारे सव्वातीन-साडेतीन किलो वजनही सोसावे लागते. कोणतेही घेतले तरी गोटी काळ्या रंगाची, क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाची असावी लागते, कारण चकचकीत क्रोमची हाताची गोटी ओढ सोसते पण घाव सोसत नाही. ती तडकली तर तिचे तुकडे उडतात.

हवेची गन अजून मेलेली नाही. फॉर्म्युला वन शर्यतीत चाकाचा एकच नट सोडवून नवे चाक बसवण्याचे काम आजही दाबलेल्या वायूवरच्या गन करतात, आणि २०२३ मध्ये कतारच्या शर्यतीत मॅक्लारेन चमूने लँडो नॉरिसच्या मोटारीची चारही चाके १.८० सेकंदांत बदलली. तेथे वजनाला जेवढे बळ हवे तेवढे बॅटरीतून अजून निघत नाही. याच्या दुसऱ्या टोकाला, साताऱ्याजवळच्या वनकुसवडे पठारावर दिसतात तशा पवनचक्क्यांचे मनोरे उभारताना बोल्ट शेवटी तेलाच्या दाबावर चालणाऱ्या, घाव न घालणाऱ्या आणि पीळ वा ताण मोजून थांबणाऱ्या यंत्रांनी आवळतात, कारण तेथे किती हा प्रश्न किती जोराने या प्रश्नापेक्षा मोठा आहे. मोटारी बनवणाऱ्या आधुनिक कारखान्यांत तर घणाची गन जुळणीच्या रांगेवरून बहुतांशी हद्दपार झाली असून तिच्या जागी संगणकाला जोडलेली विजेची यंत्रे आहेत, जी प्रत्येक नटाला दिलेला पीळ आणि तो फिरलेला कोन नोंदवून ठेवतात. तीच मोटार पहिल्यांदा पंक्चर झाल्यावर महामार्गावरच्या एखाद्या टपरीपाशी थांबते, पोरगा गोटी नटावर चढवतो, घोडा दाबतो, फिरकीचा सुरसुर आवाज घणाच्या टकटकीत बदलतो, आणि ती टकटक किती वेळ चालू द्यायची हे तेथे त्याचा कान ठरवतो.